छोट्या ट्रॅक्टरची थरथर आणि गळती: मांजरीच्या नर्सरीतल्या कामाच्या नोंदी

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

काकांचा छोटा ट्रॅक्टर आजपासून हातात घेतला. तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन, साधारण १८ एचपी, रुंदी मीटरभराच्या आत. द्राक्षाच्या ओळींतून फिरता यावं म्हणून आपल्याकडे असले ट्रॅक्टर रुजले. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या या नर्सरीत तो गुलाबाच्या वाफ्यांमधून रोटर मारतो, कुंड्यांची ट्रॉली ओढतो, फवारणीचा पंप चालवतो. दर पावसाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये उभा असतो आणि दसऱ्याच्या सुमारास बाहेर निघतो.

काकांची तक्रार त्यांच्याच शब्दांत: "अरे, तासभर चालवला की हातापायाला मुंग्या येतात. आणि रात्री उभा केला की सकाळी खाली तेलाचं थारोळं."

पुढचं ऑइल सील गेल्या दोन वर्षांत दोनदा बदलून झालंय. दोन्ही वेळा थोड्याच आठवड्यांत तिथे पुन्हा ओल. सील म्हणजे शाफ्टला टेकलेला रबराचा पातळ ओठ. शाफ्ट गुळगुळीत हवा, तो मध्यात फिरायला हवा आणि आतून दाब नको, एवढं जमलं तर तो ओठ वर्षानुवर्षं टिकतो. यातलं काहीच न बघता नवं सील ठोकलं तर तेही जाणारच. म्हणून ठरवलंय की कारण हाताला लागेपर्यंत एकही पार्ट विकत आणायचा नाही.

आज फक्त धुलाई. माती आणि तेल मिळून जो चिकटा बसतो तो इंजिनच्या खाली बोटभर जाड होता. आधी पत्र्याच्या पट्टीने खरवडला, मग डिझेल आणि ब्रश, शेवटी धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी. अल्टरनेटर आणि एअर क्लीनरवर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या. पुढच्या एक्सलचा ब्रॅकेट इंजिनला जिथे जोडतो, तिथे दोन बोल्टांच्या डोक्याभोवती गंजासारखी लालसर पूड दिसली. ही साध्या गंजाची नाही. घट्ट बसायला हवेत असे दोन भाग एकमेकांवर घासत राहिले की अशी पूड पडते. फोटो काढून ठेवला, हात लावला नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

बुधवारच्या पावसाने सगळ्या पुण्याची दैना केली, नर्सरीतही वाफ्यांत पाणी उभं होतं. शेड मात्र कोरडी राहिली.

धुतलेल्या ट्रॅक्टरखाली आठवडाभर मोठा पुठ्ठा अंथरून ठेवला होता. आज तो उचलून उजेडात पाहिला. पुढच्या पुलीखाली काळं, पातळ, म्हणजे इंजिन ऑइल. त्याच्या थोडं मागे हिरवट डाग, कडा वाळून पांढरी झालेली. हे कूलंट. क्लच हाउसिंगच्या तळाशी काटर पिनचं भोक असतं, त्याखाली काळे थेंब. डाव्या मागच्या चाकाच्या आत जाड, पिवळसर तेल, नाकाशी नेलं की गंधकाचा वास. तो गिअर ऑइलचा, त्यात चूक होत नाही. काटर पिनच्या भोकातल्या थेंबाला तो वास नव्हता, म्हणजे तिथलं तेल गिअरबॉक्सचं नाही, इंजिनच्या मागच्या सीलमधून येतंय.

आता नेमकी जागा. थिनरच्या फडक्याने सगळे जोड कोरडे पुसले आणि त्यावर घरातली टाल्कम पावडर भुरभुरली. इंजिन चालू करून दहा मिनिटं ठेवलं. पांढऱ्या पावडरवर ओली रेघ उमटते आणि ती उलटी वर शोधत गेलं की उगम सापडतो. तेल नेहमी खाली आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे पळतं, त्यामुळे जिथे थेंब दिसतो तिथे गळती असतेच असं नाही.

कूलंटची रेघ वॉटर पंपाच्या पुलीमागून निघाली. पंपाच्या पोटाला खाली एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की पाणी त्या भोकातून बाहेर पडावं आणि बेअरिंगपर्यंत पोचू नये, यासाठी कारखान्यातूनच ते दिलेलं असतं. इथे त्या भोकात एम-सीलचा गोळा दाबून बसवलेला होता. कुणीतरी गळती 'बंद' केली होती. त्यामुळे पाणी थांबलं नाही, ते बेअरिंगमधून वाट काढू लागलं. पंख्याचं पातं धरून वर-खाली हलवलं तर स्पष्ट खडखड. हे पाहून मनापासून वाईट वाटलं. एवढासा गोळा, आणि त्याने बेअरिंग खाल्लं.

२ ऑक्टोबर, बुधवार

गांधी जयंतीची सुट्टी, दिवसभर मापं घेतली.

व्हायब्रेशनबद्दल प्रत्येकाचं मत असतं. मिस्त्री म्हणतात फ्लायव्हील, काका म्हणतात क्लच, शेजारचे म्हणतात इंजिनच म्हातारं झालं. मला आकडा हवा होता. कुठलाही भाग असमतोल असला की तो आपल्याच फेऱ्यांच्या चालीने हादरा देतो, त्यामुळे हादऱ्याची चाल मोजली की दोषी भाग कोणता ते कळतं.

साधन घरचंच: जुना मोबाइल. त्यातल्या अॅक्सेलरोमीटरचे आकडे आलेखात दाखवणारी फुकट अॅप्स मिळतात. चांगला फोन यासाठी वापरू नये, सततच्या हादऱ्यांनी कॅमेऱ्याची स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. फोन इंजिनच्या वरच्या कव्हरवर रबरी पट्ट्यांनी कसून बांधला. फेऱ्या मोजायला भोसरीच्या वर्कशॉपमधून डिजिटल टॅकोमीटर आणलेला होता, तो क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य शाफ्टच्या) पुलीवर चकाकत्या टेपचा तुकडा चिकटवून वापरला.

त्रास सगळ्यात जास्त १८०० फेऱ्यांच्या आसपास, म्हणून तिथेच थ्रॉटल ठेवला. मिनिटाला १८०० म्हणजे सेकंदाला ३० फेऱ्या. फोर स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. तिन्ही मिळून सेकंदाला ४५ ठोके पडतात, आणि एकच सिलिंडर दुबळा असेल तर त्याची उणीव सेकंदाला १५ वेळा जाणवते. क्रँकची पुली ११० मिलिमीटर, वॉटर पंपाची ९०. म्हणजे पंखा इंजिनच्या सव्वापटीपेक्षा थोड्या कमी वेगाने फिरतो, सेकंदाला साधारण ३७.

आलेखात शिखरं आली १५, ३०, ३७ आणि ४५ ला. ४५ चं असणारच, ते इंजिनचं चालणं आहे. ३० चं थोडं असणंही साहजिक आहे, कारण तीन सिलिंडरच्या इंजिनात वर-खालीचे जोर एकमेकांना खोडतात पण पुढे-मागे डुलण्याचा जोर शिल्लक राहतो. १५ आणि ३७ मात्र असायला नकोत. ३७ चं शिखर सगळ्यात उंच निघालं.

क्लच दाबून पाहिला, फरक नाही. पीटीओ (अवजारं फिरवणारा मागचा शाफ्ट) काढला-घातला, फरक नाही. म्हणजे क्लच प्लेट, गिअरबॉक्स, चाकं सगळी निर्दोष. मग फॅन बेल्ट उतरवला आणि इंजिन जेमतेम मिनिटभर चालवलं, कारण बेल्टशिवाय पाण्याचा पंपही बंद असतो. ३७ चं शिखर गायब! काका सीटवर बसले होते, त्यांना फोन बघायची गरजच पडली नाही. "हां, आता बघ," एवढंच म्हणाले.

६ ऑक्टोबर, रविवार

आधी १५ चा निकाल. आयडलवर, म्हणजे सगळ्यात कमी फेऱ्यांवर, इंजिन ठेवून नोझलच्या (सिलिंडरात डिझेल फवारतो तो) पाइपचे नट एकेक करून सैल केले. पहिला सैल करताच इंजिन लंगडलं, तिसऱ्यालाही तसंच. दुसरा सैल केला, काही फरक नाही. म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर नावापुरता चालत होता.

तिन्ही नोझल काढले. उघड्या जागेतून कॉम्प्रेशन मोजलं: २७, २६, २७ किलो (दर चौरस सेंटिमीटरला). रिंगा आणि व्हॉल्व्ह चांगले आहेत. या वयाच्या इंजिनला हे आकडे बघून फार बरं वाटलं, आणि 'इंजिन म्हातारं झालं' हा विषय संपला.

नोझल पंप-नोझलवाल्याकडे बाकावर तपासले. पुस्तकात १४० किलोला उघडायला सांगितलंय. दोन नंबरचा ९५ लाच सुटत होता, आणि फवाऱ्याच्या जागी धार. टोकाला कोळशाची काळी गाठ. नवी नोझल बसवून शिम (पातळ चकती) टाकून १४० ला लावून घेतला, बाकीचे दोन साफ करून तेवढ्यालाच. बाकावर फवारा बघताना हात जवळ न्यायचा नाही, तो दाब डिझेल कातडीतून आत घुसवतो आणि जखम सुईच्या टोचण्याएवढी दिसली तरी थेट हॉस्पिटलात जावं लागतं. दुकानातला पोरगा बिनधास्त बोट नेत होता, त्याला थांबवलं.

बसवताना तांब्याचे वायसर नवेच घेतले. एकदा दाबला गेलेला तांब्याचा वायसर पुन्हा तसाच चेपत नाही. रिटर्न पाइपचे वायसरही बदलले आणि तिथली डिझेलची ओल त्याबरोबर गेली. हवा काढून चालू केलं. आयडलची लंगड गेली, १५ चं शिखर जमिनीला लागलं.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

खंडेनवमी. पाने, हातोडे, व्हर्नियर, ग्रीस गन सगळं रॉकेलने पुसून पाटावर मांडलं. आज त्यांना काम नाही. उद्या ट्रॅक्टरला झेंडूचा हार, बॉनेट काढलेलं असलं तरी.

१३ ऑक्टोबर, रविवार

पंखा आणि पंप उतरवले. पंखा प्लॅस्टिकचा. एका पात्याचं टोक तुटलेलं, कड जुनी आणि मातीने मळलेली, म्हणजे हे आजकालचं नाही. समोरच्या पात्याशी ताडून पाहिलं तर गेलेला तुकडा अंदाजे २० ग्रॅमचा, केंद्रापासून साधारण १५ सेंटिमीटरवर.

२० ग्रॅम ऐकायला काहीच नाही, म्हणून काकांना गणित करून दाखवलं. सेकंदाला ३७ फेऱ्या, तेवढ्या अंतरावर, तर पंपाच्या शाफ्टवर ओढ पडते जवळजवळ १६ किलोची. आणि ती ओढ क्षणोक्षणी दिशा बदलते. पूर्ण थ्रॉटलला, २७०० फेऱ्यांवर, तीच ३५ किलोच्या पुढे. १८०० ला जास्त जाणवायची कारण डॅशबोर्डचा पत्रा नेमका त्या चालीला साथ देतो. त्या ओढीने आधी पंपाचं बेअरिंग ढिलं केलं, ढिल्या शाफ्टवर पंपाचं सील टिकेना, पाणी गळू लागलं, भोक बुजवलं गेलं, बेअरिंगमध्ये पाणी शिरलं. काकांनी सांगितलेल्या दोन तक्रारींपैकी एवढा भाग तरी एकच तक्रार होता.

बेअरिंग हाताने फिरवलं. आत वाळू असल्यासारखं करकरतं, आणि तांबडं पाणी बाहेर येतं.

१६ ऑक्टोबर, बुधवार

खरेदी. नाना पेठेत पंपाचा रिपेअर किट आणि नवा पंखा मिळाला, फॅन बेल्टही तिथेच. पॅकिंगचा कागद आणि पंच बोहरी आळीतून. जाताना मंगळवार पेठेतला जुना बाजार लागला होता, बुधवारचा. तिथे डायल गेजचा (बारीक फरक काट्याने दाखवणाऱ्या मापाचा) चुंबकी स्टँड दिसला, तळ सपाट आणि आटे शाबूत. लगेच घेतला. भोसरी-चिंचवडच्या बंद झालेल्या शॉपमधली चांगली हत्यारं इथे येऊन पडतात, नजर असली की हाती लागतात.

नवा पंखाही तसाच बसवणार नाही. सुईच्या टोकावर तोलून पाहिला, एक बाजू किंचित खाली जात होती. पात्याच्या मागून पॉलिश पेपरने घासून सारखा केला.

२० ऑक्टोबर, रविवार

पंप बसला. भोक मोकळं, त्यातून तार घालून खात्री केली. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं.

आता पुढचं सील. ते काढण्याआधी आतला दाब बघायचा होता. इंजिन आयडलवर ठेवून ऑइल भरायचं झाकण काढलं आणि त्या तोंडावर रबरी हातमोजा ताणून बसवला. मोजा फुगला, आणि पाचही बोटं ताठ उभी राहिली. कॉम्प्रेशन चांगलं असताना एवढी हवा आत साचायला नको. थोडी हवा रिंगांमधून खाली येतेच, तिला बाहेर जायला ब्रिदरचा पाइप असतो.

पाइप काढला. खालच्या तोंडात कुंभारीण माशीचं घर! चिखलाची कोठडी, तेलाने भिजून दगडासारखी. उभ्या ट्रॅक्टरचं असं सावलीतलं बोटभर भोक तिला अगदी सोयीचं. कधी केलं असेल कोण जाणे. पाइप डिझेलमध्ये भिजत टाकून तारेने फोडून काढलं. मग टोकाला पितळेची बारीक जाळी सैल बसवली, हवा जाईल आणि माशी येणार नाही अशी. पुन्हा मोजा लावला. बोटं लोळत राहिली.

काका बराच वेळ त्या पाइपकडे बघत होते. "म्हणजे दोन्ही सीलं चांगलीच होती?" तसंच म्हणायचं. आतून दाब असताना कुठलंही सील तेल सोडणारच, आणि इंजिनच्या मागच्या सीलचे थेंबही याच दाबाने पडत असण्याची शक्यता मोठी.

पुली काढून पाहिली. सीलचा ओठ जिथे फिरतो तिथे पुलीच्या हबवर (मधल्या गोल भागावर) गोल चर पडलेली. नख आडवं फिरवलं की अडकतं. मिस्त्री म्हणाले, "साहेब, नवं सील दोन मिलिमीटर बाहेर ठेवून ठोका, ओठ कोऱ्या जागी येईल." हा उपाय खरा आहे आणि पुष्कळ ठिकाणी मीही तोच केला असता. पण इथे सीलची खोबण उथळ आहे, दोन मिलिमीटर बाहेर घेतलं की पकड उरत नाही. हडपसर इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये ओळखीच्या लेथवर हब तासून त्यावर स्टीलची पातळ स्लीव्ह (नळी) गरम करून चढवायची आणि मूळ मापाला ग्राइंड करायची, असं ठरवलं.

२७ ऑक्टोबर, रविवार

हब तयार होऊन आला, आरशासारखा. डायल गेज लावून पुली फिरवली, काटा जेमतेम हलला. सीलच्या ओठाला ग्रीस लावून, सपाट पाइपने सगळीकडून सारखा ठोका देत बसवलं. कोरडं सील पहिल्या मिनिटातच जळतं.

मग ती लालसर पूड. ब्रॅकेटचे सगळे बोल्ट छोट्या हातोड्याने वाजवून पाहिले. घट्ट बोल्ट ठणठणीत वाजतो, सैल बोल्ट बद्द. पूड असलेले दोन्ही बद्द वाजले, आणि क्लच हाउसिंगच्या वरच्या बाजूचा आणखी एक. या ट्रॅक्टरला वेगळी चासी नाही. इंजिन, क्लच हाउसिंग आणि गिअरबॉक्स एकमेकांना बोल्टने जोडलेले, तोच त्याचा कणा. तिथे बोल्ट सैल असले की इंजिनचा साधा डुलही अंगभर पोचतो.

बोल्ट बाहेर काढले. आट्यांवर घासल्याच्या चकचकीत खुणा. जोडाचे दोन्ही बाजूंचे सपाट भाग घासून कोरडे केले. जुने बोल्ट परत वापरले नाहीत. नवे ८.८ ग्रेडचे, १२ मिलिमीटरचे, आट्यांना लॉकिंगचा द्रव लावून टॉर्क पान्याने ८ किलो-मीटरला आवळले. अंगाच्या जोराने आवळलेला बोल्ट कधी कमी असतो, कधी ताणला गेलेला, आणि ताणला गेलेलाच आधी तुटतो.

संध्याकाळी फोन त्याच जागी बांधून, तोच थ्रॉटल. १५ ला काही नाही. ३७ ला खोडरबरएवढा उंचवटा. ३० चं शिखर पहिल्यापेक्षा निम्म्याहून कमी. ४५ आहे तसं. डॅशबोर्डवर पाण्याचा पेला ठेवला, कडेला बारीक वर्तुळं उठतात, सांडत नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

दिवाळीनंतर काकांनी आठवडाभर नव्या वाफ्यांवर रोटर मारला. आज तपासणी.

पुठ्ठा: पुढे कोरडा, पंपाखाली कोरडा. काटर पिनच्या भोकाखाली एक थेंब, आधी तिथे रुपयाएवढा डाग पडायचा. मागच्या सीलसाठी आज ट्रॅक्टर मधून सोडणार नाही. क्लच प्लेट कधीतरी बदलावीच लागेल, तेव्हा सील हाताशी येतं; आत्ता एका थेंबासाठी तो सगळा पसारा मांडण्यात अर्थ नाही. काकांना ऑइलची पट्टी दर सोमवारी बघायला सांगितलंय.

डावीकडचं मागच्या एक्सलचं सील आज बदललं. सरळ काम: चाक, ड्रम, सील, ओ-रिंग. ब्रेकच्या लायनिंगला गिअर ऑइल लागलेलं होतं, ते धुऊन वाचत नाही, दोन्ही बाजूंचं नवं टाकलं. एका बाजूचं नवं आणि दुसऱ्या बाजूचं जुनं असेल तर ब्रेक एकीकडे ओढतो आणि वाफ्यांच्या अरुंद वाटेत तो धोका नको.

बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासले. पुढचा एक किंचित सरकला, बाकी जागच्या जागी. प्रत्येकाच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर पांढऱ्या पेंटची सरळ रेघ ओढून ठेवली. बोल्ट फिरला की रेघ तुटलेली दिसते, काकांना पाना न लावता कळेल.

राहिलेलं: स्टिअरिंग बॉक्सची थोडी ओल, रेडिएटरखालची रबरं तडकलीत ती, आणि बॉनेटचा कुलाबा. रबरं पुढच्या बुधवारी आणतो. ब्रिदरची जाळी मे महिन्याच्या शेवटी, ट्रॅक्टर शेडमध्ये घालण्याआधी, काढून साफ करायची. हे शेडच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय, तारखेसकट.